मायलेज विचारणाऱ्यांनो, एकदा भरलेली गाडी घाटात घाला

दर ट्रिपला तेच! कळंबोलीच्या स्टील मार्केटातून दीड टन पत्रे भरायचे, खोपोली सोडली की बोरघाटात पिकअप सेकंड गिअरला आणायची, पुढं ट्रेलर गोगलगायीसारखा, इंजिन नुसतं बोंबलतंय, आणि पुण्यात पोचलो की शेठ विचारणार "डिझेल कुठं गेलं रे, शोरूमवाला तर लिटरला १५ किलोमीटर सांगत होता". अहो ते १५ रिकाम्या गाडीचं, सपाट रोडवरचं! एवढं वजन चढाला वर ओढायचं म्हणजे डिझेल जळणारच ना, ९ पडलं तरी खूप झालं. वर ताडपत्री फुगून वारा अडतो ते वेगळंच. आणि आम्ही डिझेल चोरतो म्हणे, हे लय लागतं मनाला. एक दिवस टाकी फुल करून केबिनमध्ये शेजारी बसा आणि मग काढा हिशोब.