लाव्हा असेल तर पूर्ण गुण

अभिनंदन. सुपर स्मॅश ब्रदर्स या निन्टेंडोच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठी चाहत्यांनी स्वतःच्या डोक्यातून रचलेल्या स्टेजांची, म्हणजे लढाईच्या मैदानांची, स्पर्धा आहे आणि तुम्ही तिचे परीक्षक आहात. तुम्हालाच का नेमलं, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. रांगोळी स्पर्धेपासून एकांकिका स्पर्धेपर्यंत आपल्याकडे कुठल्याही परीक्षकाने ते विचारलेलं नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

सगळ्यात आधी कंट्रोलर कपाटात ठेवा. खेळणारा माणूस परीक्षणाच्या कामाचा राहत नाही, त्याला नको ते दिसायला लागतं. १९९९ साली १२ पात्रं घेऊन हा गेम निघाला तेव्हापासून त्यातली रीत एकच आहे: समोरच्याला बदडून त्याचा टक्का, म्हणजे खाल्लेल्या माराचा आकडा, वाढवायचा आणि टक्का पुरेसा चढला की त्याला पडद्याबाहेर भिरकवायचं. इतर बहुतेक फायटिंग गेममध्ये मागचं चित्र बदललं तरी पायाखालची जमीन तीच सपाट राहते. इथे जमीनच बदलते. कड कुठे आहे, तिला लटकता येतं का, वरच्या फळ्या, म्हणजे हवेतले प्लॅटफॉर्म, केवढ्या उंचीवर आहेत, पडद्याबाहेरचा ब्लास्ट झोन, म्हणजे जी ओलांडली की मेलात ती सीमा, किती लांब आहे, यावर कोण किती टक्क्यांना मरणार ते ठरतं. पण असलं काही डोक्यात घेऊन बसलात तर एका रात्रीत एवढ्या प्रवेशिका उरकणार कशा?

त्यापेक्षा प्रवेशिका हातात आली की निबंध किती पानी आहे ते बघा. चाहते निबंध छान लिहितात. उद्ध्वस्त किल्ला असतो, त्यावर मावळतीचा प्रकाश असतो, मागे तीन ड्रॅगन घिरट्या घालत असतात, दर मिनिटाला त्यातला एक खाली येऊन आग ओकतो. पानभर ड्रॅगनच्या खवल्यांचं वर्णन झालं की शेवटच्या ओळीत येतं, ‘आणि मध्ये काही प्लॅटफॉर्म असतील.’ हे ‘काही’ म्हणजे किती, कुठे आणि केवढे, असं विचारायचं नाही. स्मॅशची जुनी खोडं तुम्हाला सांगतील की मेली या मालिकेतल्या २००१ च्या गेममध्ये बॅटलफील्ड, योशीज स्टोरी आणि जुनं ड्रीम लँड या तिघांवरही तीनच फळ्या आहेत, मांडणीही जवळजवळ तीच, पण तिन्हीकडचा खेळ वेगळा. ड्रीम लँडचे ब्लास्ट झोन इतके दूर की जिग्लीपफसारखं हलकं पात्रही तिथे बराच काळ तग धरतं. तोच फटका योशीज स्टोरीवर बसला की संपलं. हे सगळं चित्रात दिसत नाही, म्हणून ते नसतंच असं धरून चाला. एखाद्या वेड्याने फळ्यांची मापं आलेखाच्या कागदावर आखून पाठवली असतील, तर त्याला ‘कल्पकतेचा अभाव’ असा शेरा मारा. हा शेरा कुठेही चालतो.

दुसरा निकष प्रेमाचा. स्टेज कुठल्या गेममधलं आहे ते बघा. तो गेम तुम्ही शाळेत असताना खेळला असाल तर गुण सढळ हाताने द्या. झेल्डा या गेममालिकेचंच घ्या, तिचं राज्य हायरूल. स्मॅशच्या पहिल्या गेममध्ये हायरूल कॅसल झालं, मग टेंपल आणि ग्रेट बे, मग ब्रिज ऑफ एल्डिन, मग स्कायलॉफ्ट, २०१८ मध्ये ग्रेट प्लॅटो टॉवर. म्हणजे हायरूलची आता कमतरता नाही. तरी तुमच्याकडे येणाऱ्या प्रवेशिकांत पुन्हा हायरूलच असेल, फक्त संध्याकाळचं. द्या पहिला नंबर. संगीताचे गुण वेगळे ठेवा, कारण प्रत्येक चाहता लिहितोच की तिथे अमुक धून वाजली पाहिजे, ती वाचून तुमचे डोळे भरून येतात आणि भरल्या डोळ्यांनी फळ्या दिसत नाहीत. कुठल्या स्टेजवर कुठली धून वाजावी हे खेळणाऱ्याला ब्रॉल या मालिकेतल्या २००८ च्या गेमपासून स्वतःच ठरवता येतं, ही माहिती स्वतःपाशीच ठेवलेली बरी.

आता मुख्य विषय, लाव्हा. स्टेजवर स्वतःहून अंगावर येणाऱ्या गोष्टींना हॅझर्ड म्हणतात आणि ते जितके जास्त तितकं स्टेज जिवंत, हे परीक्षणशास्त्राचं मूलतत्त्व आहे. ब्रॉलमध्ये याची उत्तम उदाहरणं मिळतील. नॉरफेअरवर मागून लाव्हाची प्रचंड लाट येते, एक आसरा उघडतो आणि दोघंही लढाई सोडून आत घुसायला धावतात. स्पिअर पिलरवर पाल्किया नावाचा पोकेमॉन अख्खा पडदा उलटा करतो. ७५एम या स्टेजवर १९८१ चा डाँकी काँग जसाच्या तसा उभा केलाय, शिड्या आणि निखाऱ्यांसकट, आणि तिथे दोन खेळाडूंनी लढावं अशी कुणाची इच्छा असल्याचं बांधकामावरून जाणवत नाही. अशा ठिकाणी तुम्ही जिंकलात की हरलात हे महत्त्वाचं उरत नाही, कारण तुम्ही दोघांनीही फारसं काही केलेलं नसतं. नवख्या खेळाडूच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे आणि परीक्षकाच्या दृष्टीनेही.

एका हॅझर्डला मात्र मीसुद्धा पैकीच्या पैकी देतो, उपरोध बाजूला ठेवून. गेमर नावाच्या स्टेजवर रात्री चोरून गेम खेळणाऱ्या पोराची आई अचानक डोकावते आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात जो सापडला त्याचा टक्का वाढतो. आडोसा शोधायला वेळ मिळतो आणि कुणी कुणाला उघड्यावर ढकलायचं यावरून नवी मारामारी सुरू होते. लाव्हा किती जणांनी प्रत्यक्ष पाहिलाय माहीत नाही, पण दारातून डोकावणाऱ्या आईला घाबरायचं कसं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

तर हॅझर्ड मोजून गुण द्या आणि मालिकेतला २०१८ चा गेम अल्टिमेट विसरा. त्यात गेमचे कर्ते मासाहिरो साकुराई आणि मंडळींनी सुरुवातीलाच १०३ स्टेजं दिली आणि सोबत एक बटन दिलं, हॅझर्ड बंद करायचं. ते दाबलं की ड्रीम लँडचं झाड फुंकर मारायचं थांबतं. लायलॅट क्रूझ हे आपल्याच तोऱ्यात डोलणारं जहाज, कड पकडायला आलेल्या कित्येकांना त्याने ऐन वेळी तळाखाली ढकललंय, तेसुद्धा शहाण्यासारखं स्थिर होतं. इतकंच नाही, जवळजवळ प्रत्येक स्टेजची एक सपाट आणि एक तीन फळ्यांची आवृत्तीही दिली आहे. म्हणजे ज्या ड्रॅगनवर पानभर मजकूर आलाय तो एका बटनात गप्प बसणार. मग खाली उरतं काय? उरतात ते ‘काही प्लॅटफॉर्म’. म्हणून म्हटलं, विसरा.

आकाराबद्दल फार विचार करू नका, मोठं ते चांगलं. मेलीमधलं टेंपल घ्या किंवा ब्रॉलमधलं न्यू पोर्क सिटी, जिथे कॅमेरा इतका मागे जातो की आपण कोण हे शोधण्यातच पहिले काही क्षण जातात. टेंपलवर चपळ फॉक्सने एक फटका मारावा आणि गोल गोल पळत सुटावं. घड्याळ संपेपर्यंत जाडजूड बाउझर मागे धावतो आणि त्या एका फटक्यावर फॉक्स जिंकतो. आरोग्याच्या दृष्टीने उत्तम स्टेज.

आता तुमचा सहपरीक्षक. तो टूर्नामेंटवाला असणार आणि त्याचं म्हणणं असणार की सगळी स्टेजं बाद. त्याला हवी एक सपाट फळी, शून्य आयटम, म्हणजे लढताना स्टेजवर पडणाऱ्या वस्तू बंद. ‘नो आयटम्स, फॉक्स ओन्ली, फायनल डेस्टिनेशन’ हे वाक्य लोकांनी अशाच मंडळींची टिंगल करायला प्रचलित केलं, पण तो ते घोषवाक्यासारखं म्हणतो. सपाट म्हणजे निःपक्षपाती, अशी त्याची समजूत आहे. मेलीमध्ये त्याच सपाट फायनल डेस्टिनेशनवर मार्थ नावाचं पात्र फॉक्सला एकदा धरतो आणि मग धर-फेक-धर करत राहतो, कारण फॉक्सला पळून जाऊन चढायला वर एकही फळी नाही. हे त्याला सांगू नका, वाद वाढेल. त्याऐवजी योशीज स्टोरीवरच्या ढगाचा विषय काढा. स्टेजबाहेर एक ढग ठरलेल्या वेळापत्रकाने फिरत असतो. चाहत्यांनी त्याचं नाव रँडल ठेवलंय आणि कसलेले खेळाडू घड्याळाच्या आकड्यावरून तो आत्ता कुठे असेल हे पाठ सांगतात. म्हणजे हालचाल त्याला चालते, फक्त आधी कळवून झालेली हवी. इथे तुमची दोघांची तडजोड होण्याचा धोका आहे. वेळीच चहा मागवा.

दोन गेम एकत्र कालवणाऱ्या प्रवेशिका आल्या तर गुणही दुप्पट. सोनीने २०१२ मध्ये प्लेस्टेशन ऑल-स्टार्समध्ये हेच केलं होतं: गॉड ऑफ वॉरच्या पाताळात पटापॉनची चिमुकली फौज घुसते, असली जोडकामं. दिसायला ती धमाल होती. तो गेम पुढे किती खेळला गेला हा प्रश्न तुमच्या कक्षेबाहेरचा.

मराठी पोराची एखादी प्रवेशिका येणारच, इकडून किंवा न्यू जर्सीहून, आणि ती मुंबईची असणार. तिला आधार आहे बरं का. १९८७ च्या पंच-आउटमध्ये ग्रेट टायगर नावाचा बॉक्सर आहे, गाव बॉम्बे. फेट्यातला मणी चमकला की ठोसा येणार एवढी त्याची ओळख, बाकी जादूचे खेळ. त्याच पंच-आउटमधला लिटल मॅक २०१४ पासून स्मॅशमध्ये खेळाडू म्हणून आहे आणि त्याचं बॉक्सिंग रिंगही. तर हा पोरगा लिहितो की ग्रेट टायगरच्या गावचं स्टेज करा: दादर स्टेशन. मध्ये रूळ, दोन्ही बाजूंना फलाट. फलाटाच्या कडेला लटकता येतं. लोकल आली की तिचं छत ही मधली फळी, ती थांबलेली असेपर्यंतच. वरती पादचारी पूल, पण अर्धाच, म्हणजे त्याच्या टोकाखाली उडी मारून परत यायला जागा आहे. लोकल किती वेळ थांबते, निघायच्या आधी किती सेकंद भोंगा वाजतो, पुलाची उंची किती उड्यांची, सगळं लिहिलंय. ड्रॅगन नाही. गर्दी फक्त मागे चित्रात आहे. तो म्हणतो, गर्दीला पुढे आणलं तर कोण कुणाला मारतंय ते दिसणार नाही.

हे स्टेज ताबडतोब बाद करा. कारण द्यायला अवघड नाही. एक, हे ठिकाण कुठल्याही गेममध्ये नाही. दोन, टूर्नामेंटवाला विचारेल की लोकल वेळापत्रकानेच येणार ना, आणि मध्य रेल्वेचा कुणीही प्रवासी त्याचं उत्तर देऊ शकेल. तीन, ते वाचताना तुमचा हात नकळत कपाटाकडे जाईल.

तिथे सावध राहा. प्रवेशिका खेळून बघायची सोय मुळात आहे. ब्रॉलमध्ये स्टेज बिल्डर होता. आपण रचलेलं निन्टेंडोकडे पाठवता यायचं आणि त्यातलं निवडक एकेक स्टेज दिवसागणिक लोकांच्या यंत्रावर पोचायचं. अल्टिमेटमध्येही २०१९ ला बिल्डर आला. ड्रॅगन त्यात बसणार नाही, पण फळ्या बसतात आणि दुपारभरात दोन मित्रांना बसवून कळतं की इथे लढाई होते की पळापळ. असली सूचना आयोजकांनी केली तर ‘परीक्षण ही सर्जनशील प्रक्रिया आहे’ असं म्हणून विषय बदला. मेलीमधलं फाउंटन ऑफ ड्रीम्स, पाण्यात प्रतिबिंब पडणारं देखणं स्टेज, चौघं उतरले की अडखळायचं म्हणून दुहेरीच्या सामन्यांतून वगळावं लागलं. २०२० मध्ये माइनक्राफ्टचा स्टीव्ह आला, तो कुठेही ठोकळे मांडतो, म्हणून आधीच्या सगळ्या स्टेजांवर पुन्हा हात फिरवावा लागला, हे साकुराईंनीच सांगितलंय. ही बांधणाऱ्यांची डोकेदुखी, परीक्षकाची नव्हे.

निकाल असा लावा. पहिला नंबर संध्याकाळच्या हायरूलला. दुसरा ड्रॅगनला, म्हणजे लाव्हावाल्यांचा मान राहतो. तिसरा विभागून, सपाट फळी आणि न्यू पोर्क सिटीहून मोठं काहीतरी यांत. दादरला उत्तेजनार्थ द्या; उत्तेजनार्थ दिलं की माणूस तक्रार करत नाही. मग माइक हातात घेऊन मनोगतात सांगा की यंदा दर्जा फार उंचावला होता आणि निवड करताना आमचा कस लागला. कुणी उठून विचारलंच, की पहिल्या आलेल्या स्टेजच्या कडेला लटकता येतं का, तर प्रश्न चांगला आहे म्हणा आणि टूर्नामेंटवाल्याकडे माइक द्या. तो बोलत असेपर्यंत मानधनाचं पाकीट, नारळ आणि शाल घेऊन निघता येतं.