बारातून पाच गेले, बाकीचे कुठे?

काल ऑफिसच्या पँट्रीत बिस्किटाच्या पुड्याचा बारकोड कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये स्कॅन करत होतो, एवढाच काय तो माझा गुन्हा. ॲपने लगेच लाल गोल दाखवला, दिवसभराचं फॅट संपत आलं म्हणे, आणि सकाळचे अकरा पण वाजले नव्हते. तेवढ्यात अकाउंट्सचे काका आले आणि पुडा माझ्या हातातून सरळ काढून घेतला. विचारलं पण नाही.

कपाळावरचा चष्मा खाली आला. "टोटल फॅट १२ ग्रॅम. सॅच्युरेटेड ५. ट्रान्स शून्य... अहो, हे टॅली होत नाहीये."

म्हटलं, काका, सॅच्युरेटेड त्या बारातलंच असतं, वेगळं मिळवायचं नाही.

"ते कळतं हो मला. बारातून पाच गेले, राहिले सात. ते कुठे दाखवलेत?"

ते अनसॅच्युरेटेड फॅट, त्याचे मोनो आणि पॉली असे दोन प्रकार, बऱ्याच ठिकाणी छापायची सक्ती नसते.

"सक्ती नसते? मी बॅलन्स शीटमधून निम्म्याहून जास्त रक्कम गाळली तर चालेल?"

मग पेन निघालं, टिश्यू पेपर निघाला. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, कार्ब आणि प्रोटीनला ४-४, हे माझ्याकडूनच वदवून घेतलं. फॅटचे १०८ अधिक कार्बचे ८८ अधिक प्रोटीनचे ८, झाले २०४. पुड्यावर २००.

"चार कॅलरी गायब!"

राउंड ऑफ करतात हो.

"कोणाच्या सहीने?"

एव्हाना कॉफी मशीनपाशी रांग लागलेली, आणि रांगेतल्या एकीने गोड आवाजात विचारलं, हे आकडे अख्ख्या पुड्याचे का? नाही, चार बिस्किटांचे. सर्व्हिंग म्हणतात त्याला. पुड्यात दहा असतात. मग सगळ्यांनी पुड्यात डोकावून पाहिलं. दोन उरली होती.

बरं, चारच का? चार बिस्किटं खाऊन पुडा बंद करून ठेवणारा माणूस कंपनीला भेटला कुठे? अमेरिकेत तर एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असलं की शून्य छापता येतं, त्यामुळे तिकडे तेलाच्या स्प्रेच्या डब्यावर, ज्यात जवळपास सगळं तेलच असतं, फॅट शून्य आणि सर्व्हिंग पाव सेकंद! पाव सेकंदात बटणावरून बोट तरी उचलून होतं का? आणि शिस्त कोणी लावायची, तर आम्ही.

ॲपचं तर विचारूच नका. त्यातल्या कितीतरी नोंदी तुमच्या-आमच्यासारख्यांनीच भरलेल्या. हाच पुडा शोधला तर एका नोंदीत फॅट ३, एकीत १२, एकीत ३०. कोणी एका बिस्किटाचं टाकलंय, कोणी चारांचं, कोणी पुड्याचं. तपासणारं कोणी नाही आणि लाल गोल मात्र मला.

काकांनी तिन्ही नोंदी पाहिल्या आणि विचारलं, "यातली ऑडिटेड कुठली?" मग उरलेल्यातलं एक बिस्किट तोंडात टाकलं (सॅम्पल म्हणे) आणि सात ग्रॅमचा खुलासा मागणारा मेल कंपनीला पाठवायला सांगितलाय. माझ्या नावाने. सीसीमध्ये ते स्वतः.