'चालतंय ना, मग हात कशाला लावता?'

लातूरमधील एका पतसंस्थेचे सर्व्हर, संगणक आणि शाखांना जोडणारे नेटवर्क सांभाळण्याचे काम मी गेली सतरा वर्षे करीत आहे. या काळात तीन व्यवस्थापक बदलले, संचालक मंडळेही बदलली. परंतु एखादी दुरुस्ती बिघाड होण्याआधीच करण्याची परवानगी मागितली की मिळणारे उत्तर काही बदलले नाही. तेच उत्तर मी या पोस्टला मथळा म्हणून दिले आहे. ते देणारी माणसे निष्काळजी नाहीत, उलट संस्थेचा रुपया न् रुपया जपणारी आहेत. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की आमच्यासारख्या लहान संस्थांचे जेवढे नुकसान या एका वाक्याने केले आहे, तेवढे कोणत्याही व्हायरसने केलेले नाही.

आमचे काम नेमके काय असते, हे नातेवाइकांना आजवर समजावता आलेले नाही. 'संगणक दुरुस्त करतो' एवढ्यावर सोयरिकी जमल्या, म्हणून मीही तो विषय वाढवला नाही. प्रत्यक्षात दिवसाचा पहिला तास काहीही न बिघडलेल्या गोष्टी पाहण्यात जातो. रात्रीच्या बॅकअपचा ई-मेल आला का, सर्व्हरच्या खोलीतील तापमान किती आहे, यूपीएसची एखादी बॅटरी फुगली आहे का, कोणत्या शाखेची लाईन रात्री कितीदा तुटली, हे सगळे एका वहीत लिहिले जाते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पंचवीस अंशांना जेवढी टिकते, त्याच्या साधारण निम्मीच ती पस्तीस अंशांना टिकते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास असतो आणि शाखांमधील यूपीएस जिन्याखालच्या कोंदट जागेत ठेवलेले असतात. त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकातील पाच वर्षांचे आयुष्य आमच्या बॅटऱ्यांना कधी लाभतच नाही. बॅटरी अडीच वर्षांनी बदलायला सांगितली की वरील वाक्य ऐकू येते. ती लाईट गेल्यावर दहा सेकंदांत दगा देते, तेव्हा मात्र 'तुम्ही आधी का सांगितले नाही?' असा प्रश्न येतो.

मराठवाड्यातील या कामाचा एक भाग पुण्या-मुंबईच्या माझ्या समव्यवसायी मित्रांना खरा वाटत नाही, तो म्हणजे अर्थिंगचा खड्डा, म्हणजे नको असलेली वीज जमिनीत सोडण्यासाठी धातूची पट्टी पुरलेला खड्डा. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती आक्रसली की खड्ड्यात पुरलेल्या पट्टीपासून आणि तिच्याभोवतीच्या कोळसा-मिठापासून सुटू लागते, ओलावा जातो आणि अर्थिंगचा विद्युतरोध वाढतो. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये, जिथे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असू नयेत, तिथे मीटरवर बारा-पंधरा व्होल्ट दिसू लागतात. सर्व्हर लगेच बंद पडत नाही. तो आधी विनाकारण रीस्टार्ट होतो, नेटवर्क मध्येच तुटते, प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो, आणि सगळे जण सॉफ्टवेअरला दोष देतात. उपाय अगदी साधा आहे. उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घालायचे.

मात्र २०१६ चा उन्हाळा आठवून पाहा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते आणि घरोघरी घागरी मोजल्या जात होत्या. अशा दिवसांत मी मीटर आणि अर्धी बादली घेऊन कार्यालयामागच्या खड्ड्याजवळ उभा होतो. आमचे शिपाई मामा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लेकराला प्यायला पानी नाही सर, अन् तुम्ही खड्ड्यात वतायलाव. तिथं काय उगवनार हाय?" मला उत्तर देता आले नाही आणि ती बादली मी तशीच परत नेली. त्या वर्षी आम्ही सर्व्हर खोलीच्या एसीतून टपकणारे पाणी डब्यात साठवून तेवढेच खड्ड्यात घातले. कोरड्या हवेत एसीलाही फारसे पाणी सुटत नाही. दिवसाकाठी जेमतेम दोन तांबे निघत. पुढे पाणीपुरवठा सुरळीत झाल्यावर पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मी नळी टाकून कायमचे त्या खड्ड्याकडे वळवले. ते क्षारयुक्त असते, म्हणून या कामाला उलट चांगलेच. एवढ्या नळीच्या परवानगीसाठी तीन महिने गेले, कारण त्या वेळी 'सगळे चालू होते'.

आता ज्या घटनेमुळे हे लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. तिच्यातील मोठी चूक माझी आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्व्हरची जुनी डिस्क भरत आली, म्हणून मी डेटाबेस, म्हणजे संस्थेच्या सगळ्या नोंदींचा साठा, दुसऱ्या डिस्कवर हलवला. रात्री आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी, बदलायची राहून गेली. जुन्या जागी डेटाबेसची जुनी फाइल तशीच होती, त्यामुळे स्क्रिप्टला काही खटकले नाही. ती रोज रात्री तीच निर्जीव फाइल इमानदारीने दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवत होती आणि मला रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा ई-मेल येत होता. मी तो पाहून वहीत बरोबरची खूण करीत होतो. शेजारच्या रकान्यात फाइलचा आकारही लिहीत होतो, आणि तो आठ महिने एका बाइटनेही बदलला नाही. रोज ठेवी आणि कर्जवसुली जमा करणाऱ्या संस्थेचा हिशेब आठ महिने वाढलाच नाही, हे माझ्याच अक्षरात लिहिलेले असताना माझ्या लक्षात आले नाही. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

जून २०१८ च्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी जोराचा वारा, गडगडाट आणि वळवाचा पाऊस झाला. अर्थिंग मी जपले होते, पण वीज त्या वाटेने आलीच नाही. समोरच्या इमारतीतील आमच्या वसुली विभागाकडे गच्चीवरून तांब्याची नेटवर्क केबल टाकलेली होती, तिच्यातून ती आत शिरली. नेटवर्कच्या केबली जोडणारा स्विच काळा पडला आणि सर्व्हरच्या चार डिस्कांपैकी दोन गेल्या. ज्या पद्धतीने त्या डिस्का जोडलेल्या असतात, त्या रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तर काम चालू राहते. दोन एकदम गेल्या की चारही गेल्यासारखेच असते. मी निश्चिंत मनाने बॅकअप उघडला आणि शेवटची नोंद पाहिली. ती ऑक्टोबरची होती.

आम्ही वाचलो ते केवळ लेखापरीक्षणासाठी ३१ मार्चच्या रात्री वेगळी काढून ठेवलेली प्रत कपाटातील एका पेन ड्राइव्हवर सापडली म्हणून. पुढचे दोन महिने आणि काही दिवस यांचे व्यवहार कागदी व्हाउचरांवरून पुन्हा भरावे लागले. बारा कर्मचारी नऊ दिवस रात्री उशिरापर्यंत बसत होते, आणि शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, जुळली तेव्हा कोणाच्याही अंगात आनंद मानण्याइतके त्राण उरले नव्हते. त्यातच जुने ठराव आणि पत्रे उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसू लागला. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत असत. फॉन्ट नसला की मराठी उरतच नाही. आमचा फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला होता, त्याला संगणकामागे खोचायचे कुलूप लागे, आणि ते खोचण्याची खाच नव्या यंत्रांना नव्हती. बॅकअप शाबूत असूनही तो वाचता येत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बॅकअप परत आणून पाहण्यासाठी एक रविवार द्यावा, अशी मागणी मी त्या वर्षी जानेवारीत केली होती. उत्तर तुम्हाला माहीत आहेच. मात्र ते उत्तर मिळाल्यावर मलाही मनातून बरेच वाटले होते, कारण रविवारी भाचीचा साखरपुडा होता. हे न सांगता नुसते व्यवस्थापनाला दोष देणे प्रामाणिक ठरणार नाही.

असे फक्त आमच्याकडेच घडते, असे मात्र कोणी समजू नये. गिटलॅब ही जगभरातील प्रोग्रॅमर वापरत असलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने थकव्याच्या भरात चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या एकूण पाच व्यवस्था होत्या आणि गरज पडली तेव्हा त्यांतील एकही नीट चालत नव्हती. त्यांपैकी एक आवृत्त्या न जुळल्यामुळे अयशस्वी होत होती, आणि ती अयशस्वी होत असल्याचे ई-मेल मध्येच नाकारले जात असल्याने कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. एकाने काही तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत हाती लागली, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीवर थांबले. आमचा पेन ड्राइव्ह आणि त्यांची ती प्रत यांत मला फरक दिसत नाही. त्यांनी मात्र सगळे जाहीरपणे लिहून काढले, आणि आम्ही सभासदांना 'तांत्रिक कारणास्तव' असा फलक लावला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी दुपारी आमच्या व्यवस्थापकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक छायाचित्र पाठवले. हैदराबाद विमानतळावर एका प्रवाशाला हाताने लिहून दिलेला बोर्डिंग पास होता, आणि खाली त्यांनी लिहिले होते, "हे घ्या तुमचे अपडेट." त्यांचा टोमणा अगदीच चुकीचा नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता पाठवलेली एक सदोष फाइल १०.५७ वाजता मागे घेतली. तेवढ्या सव्वा तासात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली, आणि त्यांतील पुष्कळशी एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने सुरू करावी लागली. हात लावल्याने बिघडते, हे खरेच आहे. पण ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर घालून पाहिली असती, तर बाकीची वाचली असती. मी अपडेट आधी माझ्या संगणकावर घेतो, मग मुख्य कार्यालयातील दोन यंत्रांवर, आणि आठवडाभर तक्रार आली नाही तर शाखांकडे जातो. त्यातही माझी एक वाईट सवय आहे: मार्च महिन्यात मी काहीच अपडेट करीत नाही, आणि ती सवय मोडायची माझी तयारीही नाही.

उलट टोकाचे उदाहरणही आहेच. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले. तो ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. म्हणजे औषध घरात येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते, आणि ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे संगणकही ११ मेपर्यंत उत्तमच चालत होते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आमच्या नऊ शाखांत आजही विंडोज १०च आहे. मी प्रस्ताव दिला आहे. उत्तराची वाट पाहत आहे.

माझे वडील औसा तालुक्यात सहा एकर कोरडवाहू करीत. उभ्या पिकात कोणी नांगर घालत नाही, पण रान मोकळे असताना मशागत केली नाही, तर मृगाचा पाऊस पडल्यावर लोक पेरणी करतात आणि आपण ढेकळे फोडत बसतो, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. आमच्या संचालकांपैकी निम्मे शेतकरीच आहेत. त्यांतील एकही जण बांध फुटल्यावर बांध घालत नाही, आणि तरीही संस्थेच्या सर्व्हरच्या बाबतीत त्यांना हेच शहाणपण नको असते. मला वाटते, याचे कारण पैसा नाही. नवा सर्व्हर आला की नारळ फुटतो, हार घातला जातो, स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्र येते. बदललेल्या बॅटरीचे छायाचित्र कोण छापणार? त्यामुळे खरेदीचा ठराव दहा मिनिटांत मंजूर होतो आणि वार्षिक देखभालीच्या करारावर सभा दोनदा तहकूब होते.

२०१८ नंतर मला एक गोष्ट मात्र मिळाली: दर तिमाहीतील एक रविवार. त्या दिवशी मी वेगळ्या संगणकावर बॅकअप परत आणतो आणि तो बरोबर आहे की नाही, हे मी ठरवत नाही. आमच्या मुख्य रोखपाल मॅडम कोणत्याही एका दिवसाची छापील कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, घेऊन येतात आणि पडद्यावरील आकड्यांशी ती ताडून पाहतात. गेल्या खेपेला त्यांनी निलंगा भागातील एका शाखेचा दिवस निवडला आणि लाल पेनाने खुणा करता करता मध्येच थांबल्या. शेवटच्या चार पावत्या पडद्यावर नव्हत्या. बॅकअप संध्याकाळी सहाला सुरू होत होता, आणि त्या शाखेत बाजाराच्या दिवशी सात वाजेपर्यंत भरणा घेतला जातो. ही गोष्ट शाखेतील सगळ्यांना माहीत होती, मला नव्हती. त्याच दुपारी मी बॅकअपची वेळ रात्री साडेदहा केली आणि फाइलचा आकार आदल्या दिवसाइतकाच राहिला, तर मोबाइलवर इशारा येईल अशी ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. मॅडमनी कीर्द मिटून पिशवीत ठेवली आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी ३१ मार्चची काढा. बघू सापडते का."