व्हेंट म्हणजे नुसती जाळी? क्रेगीबर्नच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

(तुम्ही ‘क्रेगीबर्नचा काका’ अशी सही केलीत, म्हणून हक्काने काका म्हणतोय.)

डक्टेड हीटिंगचे (एका गॅस हीटरची गरम हवा डक्टमधून, म्हणजे जाड नळांतून, घरभर नेणाऱ्या यंत्रणेचे) जमिनीतले जुने व्हेंट, म्हणजे खोलीत हवा सोडणारी जाळीदार तोंडं, कसे बदलायचे, हे मी आधीच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हेंट म्हणजे नुसती जाळी, ती बदलून घर जास्त गरम होत नाही. पैसे वाचवायचे तर न वापरातल्या खोल्यांचे व्हेंट बंद करा. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या व्हिक्टोरिया राज्यातून घरगुती गॅसच जायला निघालाय, तेव्हा हा खर्च म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. आणि सामान्य माणसाला डक्टमध्ये हात घालायला सांगणं बेजबाबदारपणाचं. यातलं एक म्हणणं मला पूर्ण पटतं, एक अर्धं पटतं. व्हेंट बंद करण्याचा सल्ला मात्र अजिबात पटत नाही, म्हणून आधी त्याचंच बोलू.

हीटरचा पंखा घरातली थंड हवा रिटर्न व्हेंटमधून, म्हणजे हवा परत घेणाऱ्या जाळीतून, ओढतो, ती आतल्या गरम पत्र्यांवरून, म्हणजे हीट एक्स्चेंजरवरून नेतो आणि डक्टमधून खोल्यांत सोडतो. पत्र्यांच्या आतल्या बाजूला गॅस जळत असतो. बाहेरून वाहणारी हवाच त्या पत्र्यांना थंड ठेवते. तुम्ही आठापैकी चार व्हेंट बंद केले तर डक्टमधला दाब वाढतो, पत्र्यांवरून जाणारी हवा कमी होते आणि पत्रे जास्त तापतात. मग सुरक्षेचा लिमिट स्विच बर्नर बंद करतो, थोडं निवलं की परत चालू होतो, परत बंद. हे तुम्हाला खोलीत बसून कळत नाही, फक्त घर गरम व्हायला वेळ लागतो. वर्षानुवर्षं असं तापणं-निवणं चाललं की पत्र्याला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेला की जळलेल्या गॅसचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसकट, खोल्यांत येणाऱ्या हवेत मिसळू शकतो. या विषारी वायूला ना रंग, ना वास. शिवाय दाब वाढला की डक्टच्या सैल सांध्यांतून जास्त हवा गळते, म्हणजे गॅस वाचायच्या ऐवजी तुम्ही छतावरची नाहीतर जमिनीखालची पोकळी तापवता.

एखादा व्हेंट बंद असेल तर आकाश कोसळत नाही. पण अर्धं घर बंद करायचं असेल तर त्यासाठी झोनिंग असतं: डक्टमध्ये मोटरवर चालणाऱ्या झडपा आणि त्यानुसार आच कमी-जास्त करणारा हीटर. हाताने व्हेंटच्या पात्या मिटवणं हा त्याचा स्वस्त पर्याय नाही. आणि मेलबर्नच्या जुलैमध्ये, रात्री पारा सहा-सातवर येतो तेव्हा, बंद ठेवलेल्या खोलीच्या थंड भिंतींवर ओल धरते. कपाटामागची बुरशी साफ करताना वाचवलेला गॅस आठवत नाही.

आता ‘नुसती जाळी’. घर गरम हीटर करतो, व्हेंट करत नाही, हे खरंच. पण व्हेंट हवा अडवू नक्की शकतो, आणि माझ्या लेखाचा सगळा रोख तिथेच होता. इथल्या जुन्या घरांत जमिनीतला व्हेंट बहुतेक वेळा 300 बाय 100 मिलिमीटरचा असतो. हे माप भोकाचं, वरच्या कडेचं नव्हे. (कड मोजून ऑर्डर देणारे पुष्कळ भेटतात, आणि मग नवा व्हेंट भोकात उतरतच नाही.) भोकाचं क्षेत्रफळ झालं 300 चौरस सेंटिमीटर. त्याला खालून येणारा डक्ट 150 मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं तोंड सुमारे 177 चौरस सेंटिमीटर. म्हणजे जाळीचा साठ टक्के भाग मोकळा असेल तर हवा जेवढी येते तेवढी सुखाने बाहेर पडते.

आता दुकानातला तो सुंदर नक्षीचा व्हेंट घ्या. समजा त्यात बारा फटी आहेत, प्रत्येक 8 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद. मोकळी जागा 96 चौरस सेंटिमीटर. डक्टच्या तोंडाच्या जवळजवळ निम्मी! तेवढीच हवा तिथून जायची तर तिला जवळपास दुप्पट वेगाने जावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की अडथळ्यात खर्च होणारा दाब चौपट होतो. प्रत्यक्षात तेवढी हवा जातच नाही, ती दुसऱ्या खोल्यांकडे वळते. लाकडी फ्लोअरबोर्डला शोभणाऱ्या लाकडी व्हेंटचं तेच, कारण लाकडाच्या पट्ट्या जाड ठेवाव्या लागतात. ‘नवे व्हेंट बसवले आणि हॉल थंड पडला’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा इतकं साधं असतं. उलट, पात्या गंजून अर्ध्यावर अडकलेला जुना व्हेंट काढून साधा पत्र्याचा बसवला तर त्या खोलीत फरक पडतो. फटी मोजा आणि गुणाकार करा, एवढंच माझं सांगणं होतं. दिसण्याचा मुद्दा त्यानंतर.

तुमचं घर क्रेगीबर्नला, मेलबर्नच्या उत्तरेकडच्या नव्या वस्तीत, म्हणजे बहुधा काँक्रीटच्या स्लॅबवर आणि व्हेंट छतात. माझा लेख मेलबर्नच्या कोबर्ग-प्रेस्टन या जुन्या भागांतल्या, खाली रिकामी जागा असलेल्या लाकडी घरांबद्दल होता. छतातल्या व्हेंटचा हिशेब वेगळा आहे. गरम हवा वरच राहू पाहते, तिला खाली ढकलायला थोडा वेग लागतोच. तिथे फार मोकळा व्हेंट लावला तर डोकं गरम आणि पाय गार. त्यामुळे माझा आकडा तुमच्या छताला लावू नका.

गॅसबद्दल तुमचं अर्धं बरोबर. 2024च्या 1 जानेवारीपासून व्हिक्टोरियात प्लॅनिंग परमिट (नगररचनेची परवानगी) लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणी मिळत नाही, आणि जुना डक्टेड गॅस हीटर काढून रिव्हर्स सायकल (विजेवर गरम आणि गार दोन्ही करणारा एसी) बसवायला सरकारी सवलतही आहे. तुम्ही दोनेक वर्षांत बदलणार असाल तर महागडे व्हेंट घेऊच नका. रिव्हर्स सायकलची हवा गॅसइतकी गरम नसते, म्हणून ती जास्त प्रमाणात सोडावी लागते. जुने डक्ट त्याला अनेकदा अपुरे पडतात आणि डक्टसोबत व्हेंटही जातात. पण ज्यांना अजून पाच-सात हिवाळे याच हीटरवर काढायचेत, त्यांनी मोडके व्हेंट तसेच का ठेवायचे? साधा पत्र्याचा व्हेंट काही सोन्याचा नसतो.

सुरक्षेचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि तो इथे ठळक करतो. जमिनीतला व्हेंट नुसता भोकात बसवलेला असतो. तो उचलणं, धूळ काढणं, नवा ठेवणं, इथपर्यंत घरच्या माणसाचं काम. (भारतातून आलेले आईबाबा पहिल्याच थंडीत व्हेंटवर ओले टॉवेल वाळत घालतात, ते टॉवेलही तेव्हा उचला.) टॉर्च मारल्यावर खालचा डक्ट सुटलेला किंवा फाटलेला दिसला तर तिथे थांबायचं. डक्टचं काम इथे परवानाधारक प्लंबरचं, आणि गॅसच्या भागाला हात लावायचा तो फक्त परवानाधारक गॅसफिटरने. फार जुन्या यंत्रणेत डक्टच्या सांध्यांवरच्या टेपात किंवा लेपात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्यावर संपूर्ण बंदी आली ती 2003च्या 31 डिसेंबरला, त्यामुळे जुन्या घरात खरवडाखरवड करू नका, आधी तपासून घ्या. आणि एनर्जी सेफ व्हिक्टोरिया ही राज्याची गॅस-वीज सुरक्षा संस्था सांगते त्याप्रमाणे दर दोन वर्षांनी हीटरची सर्व्हिसिंग, कार्बन मोनॉक्साइडच्या चाचणीसकट. व्हेंट नवे असोत वा जुने.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलाच्या खोलीतला व्हेंट रात्री शिट्टी वाजवतो, तो बदलावा का. लगेच बदलू नका. आधी बंद केलेले सगळे व्हेंट उघडा, रिटर्न व्हेंटमागचा फिल्टर काढून झटका, धुण्यासारखा असेल तर धुऊन पूर्ण वाळवून बसवा, आणि दोन रात्री ऐका. तरी वाजला तर त्याच्या पात्या पूर्ण उघडतात का, ते स्टुलावर चढून बघा. अर्धवट अडकल्या असतील तर तेवढा एक बदला, आणि घेताना दुकानात गळ्याचा, म्हणजे डक्टला जोडायच्या भागाचा, व्यास जुन्याशी ताडून घ्या.