‘दोन तास लावले आणि दाराचं पॉलिश उडवलं’ या रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, लातूरहून बोलतोय, दुकानाचा मालक. तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं दाखवला. कुलूप काढायला 2 तास लावले, 600 रुपये घेतले, वरून पॉलिश उडवलं, सुतारानं हातोडीनं 10 मिनिटांत काढलं असतं असं तुम्ही लिहिलंय.

आधी पॉलिशचं. आतल्या बाजूला हँडलच्या पट्टीखाली नखाएवढा टवका उडालाय तो आमच्याच हातून. पोराला विचारलं, त्यानं कबूल केलं. बाहेरून त्यानं पट्टीभोवती कटर फिरवला होता, आतली खालची कड राहून गेली. तुमच्या रंगाऱ्यानं कुलूप न काढता वरूनच पॉलिश मारलंय, तेही दोन-तीन वेळा, मग पट्टी अन् लाकूड एक होऊन बसतं, ती रेघ कटरनं आधी तोडली नाही तर पट्टीसोबत पापुद्रा निघतोच. चूक आमची, माफी मागतो. लई वाईट वाटलं, कारण सासूबाई सांगत होत्या की हे दार औशाकडच्या जुन्या वाड्याचं, 1993 च्या भूकंपानंतर वाडा उतरवला तेव्हा आणलेलं. असलं सागवान आता कुठं मिळायलंय.

पण 2 तासाचं मला पटलं नाही ताई, अन् हातोडीचं तर अजिबातच नाही. स्क्रूच्या खाचा पॉलिशनं भरलेल्या, पोरगं दाभण घेऊन एकेक खाच कोरत बसलं होतं, कारण पेचकस खाचेत पूर्ण बसला नाही की घसरतो, स्क्रूचं डोकं गोल होतं अन् पेचकसाचं टोक सरळ लाकडावर ओरखडा काढतं. दोन स्क्रू गंजलेले, तेल सोडून वीसेक मिनिटं थांबावंच लागतं. मग सिलिंडर, म्हणजे कुलपात चावी घालतो तो भाग, कडेच्या पट्टीतला लांब स्क्रू काढून चावी जराशी तिरकी करायची तेव्हा आतली जीभ लपते अन् ते बाहेर सरकतं, चावी सरळ ठेवून कितीही ओढा, येत नाही. त्यात पावसानं लाकूड फुगलेलं, कुलपाची पेटी आत आवळून बसलेली. त्या जागी दार आतून कोरलेलं असतं, दोन्ही बाजूला बोटभरसुद्धा लाकूड नसतं, तिथं हातोडी घातली की उभी चीर. म्हणून हँडलच्या भोकातून दांडी आरपार घालून दोन्ही हातानं थोडं थोडं ओढत काढली, वेळ त्यातच गेला. हे काम चालू असताना तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, ते मात्र आमचं चुकलं.

अजून एक, पट्टीजवळचे दोन खड्डे आम्ही यायच्या आधीचे. काका स्वतः म्हणाले की आदल्या रात्री दार अडकलं तेव्हा त्यांनीच पेचकस घालून उचकटून बघितलं. पुढं कधी तशी वेळ आलीच तर पेचकसाखाली पत्र्याची पातळ पट्टी ठेवा, जोर लाकडावर एकाच जागी येत नाही, पसरतो.

रविवारी सकाळी मी स्वतः येतो, पॉलिश घेऊन. टवका भरून देतो, त्याचे पैसे नाहीत. काकांच्या खड्ड्यांचंही बघतो, लाकूड तुटलेलं नाही, दबलंय फक्त, तिथलं पॉलिश घासून ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की बरंचसं वर येतं. इस्त्री तेवढी तुमच्या घरची लागंल.