गाडी एका कोपऱ्यावर बसली, तर आधी गळती शोधा

‘मोठी सेडान रात्रीत एका कोपऱ्यावर खाली बसली, म्हणजे कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) गेला’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९९८ मध्ये आलेल्या मर्सिडीज एस-क्लाससारख्या एअर सस्पेन्शनच्या गाडीत, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर उभ्या असणाऱ्या गाडीत, कॉम्प्रेसर फक्त हवा भरतो. उभ्या गाडीत ती धरून ठेवतात रबरी बेलो (चाकाजवळच्या हवेच्या पिशव्या), पाइप आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (हवेच्या झडपांचा संच). एकच कोपरा बसत असेल तर बहुधा तिथलाच बेलो चिरलेला असतो, तोही रबराच्या घडीत, जिथे वरवर पाहून काही दिसत नाही. गाडी पूर्ण उंचीवर आणा, स्टँडवर टेकवा (फक्त जॅकच्या भरवशावर खाली हात घालूच नका) आणि घडीवर, पाइपच्या जोडावर साबणपाणी फवारा. बुडबुडे आले की गळती सापडली.

गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही सतत चालून तापतो आणि जळतो. कॉम्प्रेसर खरंच बदलायचा असेल तर रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदला. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही.