पो अफू खाऊन लिहायचा? हे सांगितलं कुणी?

हॅलोविन जवळ आलं की ही पोस्ट फिरायला लागते. वर कावळा, खाली एडगर ॲलन पोचा तो सुजलेल्या डोळ्यांचा फोटो, आणि मजकूर साधारण असा की अमेरिकन भयकथेचा जनक, अफूचं व्यसन, कायम दारूत, डोकं फिरलेलं, कथा म्हणजे स्वतःच्याच वेडाची डायरी, त्याच्याआधी अमेरिकेत असलं कुणी लिहीतच नव्हतं, जे होतं ते युरोपची कॉपी, आणि 1849 साली बाल्टिमोरच्या गटारात पिऊन मेला. खाली दोन ओळी वेदना आणि प्रतिभेवर. लोक वाचून हळहळतात आणि पुढे ढकलतात. यातलं थोडं खरं आहे, बरंच खोटं आहे, आणि गंमत म्हणजे खोटं कुठून आलं त्याचा माग चक्क लागतो.

आधी अफू. पुरावा काय, तर त्याच्या कथांमधले 'मी'. 'लिजिया'मधला (1838) निवेदक अफू खातो, कबूल. पण तोच न्याय लावायचा तर 'द टेल-टेल हार्ट'मधला 'मी' म्हाताऱ्याचा खून करून त्याला फरशीखाली पुरतो, मग पोवर खुनाची केस पण टाका ना. बाहेरची साक्ष बघायची तर थॉमस डन इंग्लिशची बघा. हा शिकलेला डॉक्टर आणि पोचा पक्का वैरी, याने पेपरात पोविरुद्ध इतकं वाट्टेल ते छापून आणलं की पोने त्या पेपरवर बदनामीचा दावा लावला आणि 1847 मध्ये जिंकला, दोनशेपेक्षा जास्त डॉलर भरपाई मिळाली. तर हा माणूस, ज्याला पोबद्दल चांगलं बोलायची काहीच गरज नव्हती, तो म्हातारपणी लिहून गेला की पोला अफूची सवय असती तर डॉक्टर म्हणून मला ती कळली असती, मला काही दिसलं नाही.

हां, एक प्रसंग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. नोव्हेंबर 1848 मध्ये पोने लॉडनम म्हणजे अफूचा अर्क विकत घेतला, बॉस्टनला गेला आणि त्यातला निम्मा घेतला. तो जीव द्यायचा प्रयत्न होता, त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय, आणि पोटाने ते बाहेर टाकलं म्हणून वाचला. रोज खाणाऱ्याचं हे लक्षण नाही, उलट सवय नसल्याचंच वाटतं. आणि पोस्टमधला तो प्रसिद्ध फोटो या प्रकारानंतर काहीच दिवसांनी प्रॉव्हिडन्समध्ये काढलेला आहे. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यातला चेहरा उचलायचा आणि खाली लिहायचं, बघा हा कायम असाच असायचा.

दारूचं मात्र खरं आहे. प्यायचा, आणि त्याला पचायची नाही, थोडक्यातही तोल जायचा असं बऱ्याच ओळखीच्या लोकांनी सांगितलंय, नोकऱ्याही त्यापायी अडचणीत आल्या. पण 'कायम दारूत' कसं? ज्या पेपरात तो 1844-45 ला काम करत होता त्याचा संपादक विलिस लिहितो की पो सकाळी 9 ला टेबलावर हजर असायचा आणि अंक छपाईला जाईपर्यंत उठायचा नाही. आणि पिण्याबद्दल पोचं स्वतःचं म्हणणं 1848 च्या जानेवारीतल्या एका पत्रात आहे. बायको व्हर्जिनियाला 1842 मध्ये गाताना रक्ताची उलटी झाली, मग पाच वर्षं ती बरी व्हायची, परत पडायची, परत बरी व्हायची, आणि दर वेळी ती गेलीच असं धरून हा कोसळायचा, अशा झटक्यांमध्ये आपण प्यायलो, आणि शत्रूंनी वेडाचं कारण दारू ठरवलं, खरं तर दारूचं कारण वेड होतं, असं तो म्हणतो. आता पिणाऱ्या माणसाची स्वतःबद्दलची साक्ष किती धरायची ते ज्याने त्याने ठरवावं, पण पोस्टमध्ये तीही नाही. (लग्नाच्या वेळी व्हर्जिनिया 13 वर्षांची आणि तो 27 चा, शिवाय सख्खी आत्तेबहीण, हेही खरंच आहे. ते कुणी खोडत नाही.)

मग हे 'दारुडा वेडा राक्षस' चित्र रंगवलं कुणी? रुफस ग्रिसवोल्ड. हा एडिटर, कवितांचे जाडजूड संग्रह काढणारा, पोने त्याच्या संग्रहाची जाहीर व्याख्यानांत खिल्ली उडवली होती, आणि 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये पो गेल्यावर त्याच खुर्चीत हा बसला. पो गेला 7 ऑक्टोबर 1849 ला. 9 तारखेला 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये 'लुडविग' या टोपणनावाने मृत्युलेख आला, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की पो गेल्याचं ऐकून अनेकांना धक्का बसेल पण दुःख फार थोड्यांना होईल. तो लुडविग म्हणजे हाच. पो चिडखोर, गर्विष्ठ, कुणावर विश्वास न ठेवणारा असल्याचं जे लांबलचक वर्णन त्यात आहे ते मुळात इंग्रज लेखक बुल्वर-लिटनच्या 'द कॅक्स्टन्स' कादंबरीतल्या एका पात्राचं! बरं एवढ्यावर थांबला नाही, पोच्या सासूकडून लेखनाचे अधिकार मिळवले, पोचे समग्र खंड त्यानेच काढले आणि 1850 मध्ये त्यात चरित्र घातलं. त्या चरित्रात पोची पत्रं दिलीत, आणि त्यातली काही याने फिरवलेली, काही ठिकाणी वाक्यंच्या वाक्यं घुसडलेली, म्हणजे पो आपल्या तोंडाने ग्रिसवोल्डची स्तुती करतोय असं वाटावं. मूळ पत्रांशी ताडून ही लबाडी नीट उघड केली आर्थर हॉबसन क्विन यांनी 1941 च्या चरित्रात. तोपर्यंत नव्वद वर्षं लोकांच्या हातात वैऱ्याने लिहिलेलं चरित्र. विलिस आणि 'ग्रॅहम्स'चा मालक ग्रॅहम यांनी तेव्हाच विरोध केला होता, तिकडे पॅरिसमध्ये कवी बोदलेअर भडकून विचारत होता की अमेरिकेत कुत्र्यांना स्मशानात येऊ न देण्याचा कायदा नाही का, पण खंड विकले जात होते ते ग्रिसवोल्डचेच.

आता 'कथा म्हणजे वेडाची डायरी'. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण यात माणसाची अख्खी कारागिरी पुसली जाते. 1835 मध्ये 'बेरेनिस' छापून आली, त्यात एकजण होणाऱ्या बायकोच्या दातांच्या नादाने पुरलेल्या देहाचे दात काढून आणतो, वाचकांनी तक्रारी केल्या. मासिकाच्या मालकाला पो पत्रात काय लिहितो? विषय फारच घाण झाला हे मान्य, पण कथा एका पैजेतून लिहिली, आणि यशस्वी मासिकांत चालतं काय ते बघा: हास्यास्पद गोष्ट ताणून विचित्र केलेली, भीतीदायक गोष्ट रंगवून भयंकर केलेली. कौतुक व्हायचं तर आधी लोकांनी वाचलं पाहिजे. हे वेड्याचं पत्र वाटतं का? हा तर दुकानाचा हिशोब आहे. 1838 मध्ये तर त्याने अशा कथा कशा पाडाव्यात याचीच टर उडवणारी कथा लिहिली. 1842 मध्ये अमेरिकन कथाकार हॉथॉर्नच्या कथांचं परीक्षण करताना तो सांगतो की कथा एका बैठकीत संपावी आणि पहिल्या वाक्यापासून एकाच परिणामाकडे जावी. 'द रेव्हन' कविता आपण गणितासारखी कशी बांधली यावर त्याचा 1846 चा लेख आहे, तो जरा फेकतोय असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, मलाही वाटतं, पण फेकतोय ते तरी कुठल्या दिशेला बघा, 'मला झपाटलं होतं' असं तो म्हणत नाही, 'मी ठरवून केलं' असं म्हणतो. शिवाय याच माणसाने 1841 मध्ये 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहून डिटेक्टिव्ह कथेचा साचा पाडला, 1844 मध्ये बलूनने अटलांटिक ओलांडल्याची खोटी बातमी पेपरात छापून न्यूयॉर्कला उल्लू बनवलं, आणि तो जिवंत असताना दुसरी आवृत्ती निघालेलं त्याच्या नावावरचं एकमेव पुस्तक म्हणजे शंखशिंपल्यांचं पाठ्यपुस्तक (1839).

'त्याच्याआधी अमेरिकेत कुणी नव्हतं' हे तर बघूच नका. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउनची 'वीलंड' ही कादंबरी 1798 ची आहे, पो जन्माला यायच्या अकरा वर्षं आधीची. त्यात एक धार्मिक माणूस देवाचा आवाज ऐकू येतोय असं समजून बायकोमुलांना मारतो, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका खऱ्या हत्याकांडाचा आधार त्याला आहे. पुढच्याच वर्षीच्या 'एडगर हंटली'च्या प्रस्तावनेत ब्राउन स्पष्ट लिहितो की गॉथिक म्हणजे युरोपी भयकथांतले जुने किल्ले न् भुतं मला नकोत, इथली भीती म्हणजे जंगल आणि मूळनिवासींशी चाललेला रक्तपात. (मूळनिवासींना राक्षस करणं हा त्यातला वेगळा आणि वाईट भाग, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.) याला युरोपची कॉपी कसं म्हणायचं, उलट तिकडे इंग्लंडचा कवी शेली आणि त्याची 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी बायको मेरी ब्राउन वाचत होते! मग 1820 मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या कथेतला बिनडोक्याचा घोडेस्वार. मग हॉथॉर्न, ज्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न 1692 च्या सेलम चेटकीण खटल्यांत आरोपींची उलटतपासणी घेणारा मॅजिस्ट्रेट होता, त्या खटल्यांत 19 जणांना फाशी झाली, अशा घरात जन्मलेल्या माणसाला युरोपचा पडका किल्ला कशाला लागतोय? खुद्द पोवरही तेव्हा जर्मन भयकथांच्या छापाचं लिहितो असा शिक्का बसला होता, त्याला त्याने कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत उत्तर दिलं की माझी भीती जर्मनीची नाही, आत्म्याची आहे.

राहिलं गटार. 3 ऑक्टोबर 1849, बाल्टिमोर, निवडणुकीचा दिवस. जोसेफ वॉकर नावाच्या माणसाने डॉक्टर स्नॉडग्रासला चिठ्ठी पाठवली की मतदान केंद्र असलेल्या अमुक खानावळीत पो नावाचे एक गृहस्थ वाईट अवस्थेत आहेत, लवकर या. स्नॉडग्रासला तो आतच सापडला, अंगावर भलत्याच कुणाचे वाटावेत असे मळके कपडे. गटार नाही की फुटपाथ नाही. हॉस्पिटलमध्ये चार दिवस भ्रमात होता आणि तिथल्या बिछान्यात गेला. दारूने मेला हे छातीठोक सांगत फिरला तो स्नॉडग्रासच, जो दारूबंदीचा प्रचारक होता आणि ज्याला व्याख्यानासाठी उदाहरण हवंच होतं. हॉस्पिटलचा डॉक्टर मोरन उलटं सांगत राहिला, आणि त्याचीही गोष्ट वर्षागणिक रंगत गेली. हॉस्पिटलचे कागद हरवलेत. त्यामुळे मतांसाठी माणसं पळवणाऱ्या टोळीपासून रेबीजपर्यंत अंदाज झालेत, रेबीजचा तर 1996 मध्ये एका डॉक्टरने मांडला, आणि एकही सिद्ध झालेला नाही. आणि हो, त्याच ऑगस्टमध्ये रिचमंडला पोने दारू सोडायची शपथ घेऊन 'सन्स ऑफ टेम्परन्स' या संघटनेत नाव घातलं होतं. शपथ पाळली का मोडली यावर भांडा हवं तर, पण पोस्ट टाकताना गटाराची ओळ तरी काढा.